चौदा वर्षांच्या मुलीसोबत पॅरिस, पाच रात्री: कोल्हापुरातून तयारी कशी करावी

प्रश्न कोल्हापुरातल्या एका आईचा आहे. नवरा-बायको आणि 14 वर्षांची मुलगी, तिघांचाही पहिलाच युरोप प्रवास. मुलगी दहावीत जाणार, सुट्टीतल्या बॅचेस लगेच सुरू होणार, म्हणून मे महिन्यात जेमतेम आठ दिवस मोकळे आहेत. तेवढ्यात पॅरिस, आम्सटरडॅम आणि स्वित्झर्लंड तिन्ही बसतील का, आणि दुसऱ्या दिवशी मुलीने कंटाळून हॉटेलातच बसायचं म्हटलं तर काय, असं त्या विचारतात.

ताई, तिन्ही बसवू नका. आठांतले दोन दिवस कोल्हापूर-मुंबई आणि विमानात जातात. राहिलेल्या दिवसांत दोनदा गाव बदललं की आणखी दोन गेले. पॅरिस-आम्सटरडॅम रेल्वे साधारण सव्वातीन तासांची असली, तरी बॅगा भरणं, हॉटेल सोडणं, स्टेशन गाठणं आणि पुढच्या हॉटेलात दुपारी तीननंतर खोली मिळणं धरलं तर सगळा दिवस त्यातच संपतो. शिवाय या वयाच्या पोरांना शहर आवडायला लागतं ते तिथली मेट्रो स्वतःला उमगल्यावर, आणि ते व्हायला दोन-तीन दिवस लागतात. नेमकं तेव्हाच तिला तिथून उचलून दुसरीकडे नेऊ नये. पाच रात्री, एक शहर, एकच हॉटेल. आयफेल टॉवरसाठी मुली हरखून असतात, म्हणून पॅरिस धरूनच पुढचं लिहितो.

आधी वयाचं बघू, कारण खर्च आणि वेळापत्रक दोन्ही त्यावर ठरतात. बारा पूर्ण झाली की विमानात मोठ्यांचं भाडं लागतं. शेंगेन व्हिसाची (फ्रान्ससह युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा) फी जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो आहे आणि 6 ते 12 वयाला 45, म्हणजे तुमच्या मुलीला पूर्ण 90. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क त्यावर वेगळं. बोटांचे ठसे 12 वर्षांपासून द्यावे लागतात, त्यामुळे तिला प्रत्यक्ष न्यावंच लागेल. इथवर तोटा. पण पॅरिसमध्ये लूव्र आणि ऑर्से ही संग्रहालयं, व्हर्सायचा राजवाडा, आर्क द त्रियोंफ ही कमान आणि सेंत शापेल हे चर्च इथे 18 वर्षांखालच्यांना कुठल्याही देशाचे असले तरी प्रवेश फुकट आहे. हॉटेलातला पर्यटन करही तिला लागत नाही. याचा खरा फायदा पैशांपेक्षा वेगळा आहे. तिच्या तिकिटाचे पैसे गेलेले नसतात, त्यामुळे ती दीड तासात कंटाळली तर आई-बाबांपैकी एकाने तिला बाहेर बागेत न्यावं आणि दुसऱ्याने निवांत बघावं. पैसे वसूल करायचे म्हणून पोराला चार तास संग्रहालयात फिरवलं की पुढच्या दिवसाचंही वाटोळं होतं.

कागदपत्रांना फेब्रुवारीत हात घाला. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल साधारण 15 दिवसांत लागतो, पण 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. मेच्या सुट्टीसाठी सगळा महाराष्ट्रच एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट शोधत असतो. फ्रान्सचा अर्ज पुण्यात किंवा मुंबईत देता येतो. आपल्याला पुणं सोयीचं. सकाळी निघून रात्री परत येता येतं, फक्त मुलीच्या वार्षिक परीक्षेच्या तारखा बघून दिवस घ्या.

पासपोर्ट युरोप सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि दोन पानं कोरी हवीत. इथे मुलांच्या बाबतीत हमखास अडतं. लहानपणी काढलेला पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि तो संपत आल्याचं कुणाच्या लक्षात नसतं. कोल्हापुरात पोस्ट ऑफिसचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, नूतनीकरण तिथेच होतं. पण ते व्हिसाच्या आधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच उरकायला हवं.

दुसरी अडचण नावाची. जन्मदाखल्यावर मुलीचं नुसतं नाव, पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव आणि मग आडनाव, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. त्यात आईचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. व्हिसाच्या खिडकीवरच्या माणसाला हे आपोआप कळत नाही. सगळे कागद एका टेबलावर मांडून इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर ताडून बघा. फरक असेल तर नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून जोडा. विमानाचं तिकीट मात्र पासपोर्टवर आहे तसंच काढा.

मुलीच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. सोबत जन्मदाखला आणि शाळेचं बोनाफाईड. दोघांपैकी एकच पालक जाणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि ओळखपत्राची प्रत जोडावी लागते. फोटो 35 गुणिले 45 मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला. स्टुडिओत नुसतं 'पासपोर्ट फोटो' न म्हणता 'शेंगेन व्हिसाचा' म्हणून सांगा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.

उत्पन्नाच्या पुराव्यात नोकरदारांना फारसा त्रास नसतो. व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी जास्त लक्ष द्यावं. गेल्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, धंद्याची नोंदणी. शेती असेल तर सातबारा आणि कारखान्याकडून मिळालेली उसाची बिलं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात पाहुण्यांकडून चार लाख आणून खात्यात भरू नका. एकदम आलेली रक्कम स्टेटमेंटवर लगेच दिसते आणि तीच शंकेचं कारण ठरते. उसाचं बिल एकरकमीच येतं, हे आपल्याला ठाऊक आहे, दूतावासाला नाही; म्हणून त्या नोंदीसोबत बिलाची प्रत लावा आणि अर्जाबरोबरच्या पत्रात दोन ओळींत खुलासा करा.

व्हिसा मिळाला की स्टिकर तिथल्या तिथे वाचा. त्यावर तारखांचा पल्ला वेगळा आणि मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. उतरण्याचा आणि परतीचा दोन्ही दिवस मोजले जातात, म्हणजे पाच रात्रींना सहा दिवस.

आता वार कोणता धरायचा. पॅरिसचं वेळापत्रक तारखेवर नाही, वारावर बेतायचं असतं. लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से आणि व्हर्साय सोमवारी. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ऑर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत. मंगळवारी सकाळी उतरून रविवारी परत निघालात, तर यातलं काहीच आड येत नाही. आणखी एक कारण म्हणजे नाविगो देकुव्हर्त हा आठवड्याचा पास. तो सोमवार ते रविवार चालतो. कुठल्याही वारापासून सात दिवस असा हिशेब नाही. पासाची किंमत 32 युरोंच्या आसपास, कार्डाचे 5 वेगळे. त्यात मेट्रो, बस, आरईआर म्हणजे उपनगरी रेल्वे आणि विमानतळाचा प्रवासही येतो. सुटी तिकिटं घेतली तर विमानतळाचंच एका वेळचं 13-14 युरो आणि शहरातली फेरी अडीच युरोंच्या वर. दहा-बारा फेऱ्या धरल्या तर पास बराच स्वस्त पडतो. शुक्रवारी उतरलात तर मात्र हाच पास तोट्याचा. कार्डावर 25 गुणिले 30 मिलिमीटरचा फोटो चिकटवून नाव लिहावं लागतं, नाहीतर तपासनीस दंड करतो. तो फोटो इथूनच कापून न्या. पास प्रत्येकाचा वेगळा, एकावर दोघांना जाता येत नाही.

मेमध्ये फ्रान्सच्या सुट्ट्याही बऱ्याच असतात: 1 मे, 8 मे, असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार, पेंटेकॉस्ट या सणानंतरचा सोमवार. 1 मेला लूव्र आणि ऑर्से दोन्ही बंद असतात. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी जोडून जाणारे नेमके इथे फसतात.

विमानाच्या तारखेत चूक होते ती मध्यरात्रीमुळे. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमानं रात्री बारानंतर सुटतात. तिकिटावर 12 तारीख आणि वेळ 2 वाजताची असेल, तर तुम्हाला 11 तारखेच्या रात्री दहा-साडेदहालाच विमानतळावर पोचायचं आहे. हॉटेल, रेल्वे, भाड्याची गाडी हे सगळं याच हिशेबाने ठरवा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने आदल्या रात्री निघून सकाळी मुंबई गाठणं आणि दिवसभर नातेवाइकांकडे थांबणं हे त्याच दिवशी गाडीने धावत जाण्यापेक्षा बरं. हे मेबद्दल झालं. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी तर एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावाच. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता.

बॅगेत काय न्यायचं नाही, हे आधी सांगतो, कारण कोल्हापूरची माणसं रिकाम्या हाताने निघत नाहीत. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला प्रवाशांना बंदी आहे. म्हणजे पेढे, खवा, तूप, बर्फी, सुकं मटण घरीच ठेवा. ताजी फळं आणि भाज्यांना प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्या फळांना सूट आहे, आंब्याला नाही; मेमध्ये हापूसची पेटी नेण्याचा मोह आवरा. चिवडा, भडंग, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण चटणी चालते. चटणी डबल पिशवीत बांधून चेक-इन बॅगेत टाका. केबिन बॅगेतली लाल पूड सुरक्षा तपासणीला उगाच वेळ खाते. कोल्हापुरी चप्पल हॉटेलच्या खोलीपुरती. दगडी फरशांवरून रोज 12-15 किलोमीटर चालणं होतं आणि मेमध्येही पाऊस पडतो. बूट निघण्याआधी तीन आठवडे तरी रंकाळ्यावर घालून फिरून मऊ करा. नवे बूट घालून गेलेल्यांच्या टाचेला पहिल्याच दिवशी फोड येतात, आणि पुढचे चार दिवस कुठे जायचं ते त्या फोडांवर ठरतं.

उन्हाळ्यात पॅरिस आपल्या साडेतीन तास मागे असतं. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवशी तिघंही पहाटे चारला टक्क जागे, आणि संध्याकाळी सातला मुलगी ताटावर पेंगते. या घड्याळाशी भांडू नका, त्याचा उपयोग करा. मे मध्यावर पॅरिसला सहाच्या सुमारास उजाडतं. सकाळी सातला नदीपलीकडच्या त्रोकादेरोच्या चौथऱ्यावर गेलात तर आयफेल समोर आणि गर्दी अगदी विरळ. अकरा वाजता त्याच जागी फोटोत दुसऱ्यांची डोकी येतात. मावळतं सव्वानऊनंतर. म्हणून दिव्यांचं पॅरिस पहिल्या दिवशी बघायचं ठरवू नका, ते चौथ्या-पाचव्या रात्रीसाठी ठेवा. उतरलात त्या दिवशी हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. बॅगा काउंटरवर ठेवून सीनच्या काठाने चालायला जा, तिकिटाचं काहीही त्या दिवशी नको.

मुलीला गुंतवायचा उपाय माझ्या मते एकच, तिला खरं काम द्या. 'तुला काय बघायचंय' एवढं विचारून भागत नाही. ती 'काहीही' म्हणते आणि विषय संपतो. मेट्रोचं काम पूर्ण तिच्याकडे सोपवा. निघण्याआधी आठवडाभर नकाशा तिच्याकडे द्या. लाईनचा क्रमांक, कुठल्या दिशेची गाडी, कुठे बदलायचं, कुठल्या नंबरच्या दारातून बाहेर पडायचं, हे तिने काढायचं. पॅरिसच्या मेट्रोत दिशा शेवटच्या स्टेशनच्या नावाने ओळखतात. लाईन 1 वर उभे असाल तर फलकावर एकीकडे ला देफान्स आणि दुसरीकडे शातो द व्हॅन्सेन दिसेल, बस. ती चुकली तर चुकू द्या, चार मिनिटांत उलटी गाडी येते. मात्र बाबांनी मागून फोनवर मार्ग तपासत राहायचं नाही. ते तिला लगेच कळतं आणि मग ती काम टाकून देते.

दिवसाला ठरलेल्या वेळेची एकच गोष्ट ठेवा, ती सकाळी. दुपार मोकळी. दोन वेळा ठरवून घेतल्या की पहिलीतून दुसरीकडे पळापळ होते, आणि पळताना घरात भांडणं होतात.

आयफेलची लिफ्टची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर 60 दिवस आधी खुली होतात आणि मेमधली झपाट्याने संपतात. फेब्रुवारीत व्हिसाचा अर्ज करा म्हटलं ते यासाठीही: मार्चच्या मध्यावर व्हिसा हातात आणि तेव्हाच तिकिटं खुली. तीही हुकली तर जिन्याची तिकिटं 14 दिवस आधी निघतात. दुसऱ्या मजल्यापर्यंत 674 पायऱ्या. जोतिबाच्या आणि पन्हाळ्याच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलीला त्यांचं काही वाटणार नाही, उलट लोखंडी सांगाड्याच्या आतून चढत जाणं तिला लिफ्टपेक्षा जास्त लक्षात राहतं. आई-बाबांच्या गुडघ्यांचा विचार मात्र आधी करा.

लूव्रमध्ये जानेवारी 2026 पासून युरोपाबाहेरच्या मोठ्यांना 32 युरो लागतात. मुलीचं शून्य युरोचं तिकीटही वेळ ठरवून ऑनलाईन घ्यावं लागतं, आणि दारात वयाचा पुरावा. सकाळी नऊची वेळ घ्या. मोना लिसा बघायचीच असेल तर आत शिरताच देनाँ विभागात सरळ 711 क्रमांकाच्या दालनात जा. चित्र आहे 77 गुणिले 53 सेंटिमीटरचं, काचेमागे. साडेदहानंतर समोर नुसते वर धरलेले मोबाईल दिसतात. तिथून सुली विभागाच्या तळघरात उतरा. बाराव्या शतकातल्या मूळ किल्ल्याचे खंदक आणि बुरुजांचे पाये तिथे उघडे ठेवले आहेत. गडकोट बघत वाढलेल्या पोरांना हा भाग चित्रांपेक्षा जवळचा वाटतो. दगड कसे घडवले, खंदक केवढा, हे ती स्वतःहून बघतात. मग रिशेलिय विभागात बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्याची शिळा, सव्वादोन मीटर उंच, काळी, जवळ जाऊन बघितली तर कोरलेली बारीक कीलाक्षरं दिसतात. एवढ्यात दोन तास होतात. बाहेर पडा. पाँपिदू केंद्र हे आधुनिक कलेचं संग्रहालय जुन्या याद्यांत सापडेल, पण ते दुरुस्तीसाठी 2025 पासून काही वर्षं बंद आहे. नोत्र दाम कॅथेड्रल मात्र डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलं. प्रवेश फुकट, वेळ ऑनलाईन घेतली तर रांग कमी. ही नोंदणी जेमतेम दोन दिवस आधी खुली होते.

जेवणाची गडबड वेळेमुळे होते. तिथली उपाहारगृहं दुपारी बारा ते दोन, आणि मग थेट सात-साडेसातनंतर. आपण अडीचला जेवायला शोधतो तेव्हा स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. एकतर साडेबारालाच बसा, नाहीतर बेकरीतून पाव-चीज घेऊन बाकावर खा. बर्गर म्हटलं की तिथे गोमांसच समजतात. फलकावरचे शब्द मुलीला पाठ करायला द्या: बफ म्हणजे गोमांस, पॉर आणि जांबों म्हणजे डुकराचं, लार्दों म्हणजे त्याचेच बारीक तुकडे, जे सॅलडमध्येही असतात. पूले म्हणजे कोंबडी, आन्यो म्हणजे कोकरू. शाकाहारी माणसाने मासे आणि सूपमधला मांसाचा रस्सा वेगळा विचारायचा. 'कराफ दो' मागितलं की साधं पाणी फुकट मिळतं. तिखटाची आठवण अनावर झाली तर गार द्यु नोर स्टेशनच्या मागे ला शापेल भागात तमिळ मंडळींची उपाहारगृहं रांगेत आहेत, डोसा मिळतो. आणि कुठल्याही दुकानात शिरताना आधी 'बाँजूर' म्हणायचं. न म्हणता थेट किंमत विचारणं तिथे उद्धटपणाचं मानतात, आणि मग 'इथले लोक तुसडे आहेत' असं आपण म्हणत बसतो.

पैशांचं थोडक्यात: फॉरेक्स कार्ड, शिवाय परदेशी व्यवहार सुरू केलेलं बँकेचं एक कार्ड, आणि दीडशे-दोनशे युरो सुटे. यंत्राने 'रुपये की युरो' विचारलं तर नेहमी युरो. रुपये निवडले की वाईट दर लागतो. ओटीपी भारतीय नंबरवर येतात, म्हणून ते सिम रोमिंगवर चालू ठेवा आणि नेटसाठी वेगळं ई-सिम घ्या. नेट मुलीच्या फोनवरही हवं, बाबांच्या हॉटस्पॉटवर तिला बांधून ठेवू नका.

खिसेकापू गर्दीच्या मेट्रोत आणि साक्रे कर चर्चच्या बाहेर असतात. दार बंद होता होता हातातला फोन हिसकावून उतरणं ही त्यांची नेहमीची पद्धत, तेव्हा दाराजवळ उभं राहून फोन बघायचा नाही. मनगटाला दोरा बांधायला येणारे आणि कागदावर सही मागणाऱ्या मुली दिसल्या की थांबायचं नाही. पासपोर्ट हॉटेलात, रंगीत प्रत जवळ. चुकामूक झाली तर एकच नियम: मुलीने हलायचं नाही. ती फलाटावर राहिली तर तिथेच थांबायचं. ती गाडीत पुढे गेली तर पुढच्याच स्टेशनवर उतरून उभं राहायचं. आई-बाबा येतात. आपत्कालीन क्रमांक 112.

बेत फसलाच तर काय सोडायचं, तेही आधी ठरवा. मेट्रोचा संप झाला तर व्हर्साय सोडा. हॉटेलही याचसाठी मध्यभागाजवळ घ्यायचं, म्हणजे निम्मं शहर पायी होतं. मुलीची तब्येत बिघडली तर ऑर्से सोडा. पावसात आर्क द त्रियोंफच्या 284 पायऱ्या सोडा, वरून काही दिसत नाही. आयफेल आणि लूव्र हे तिकीट घेतलेले दोनच दिवस धरून ठेवा, आणि ते लागोपाठ ठेवू नका.